पाहुणा ठिपका

२१ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. बोटांची सूज उतरली आणि भावोजींच्या हातचा चहा आता पिण्यासारखा होतो, दोन्ही वाचून बरं वाटलं. इकडे सगळं ठीक. लेक अभ्यासात, मी प्रयोगशाळेत. सहज विचारते, तुझा आजार पहिल्यांदा कशावरून कळला गं? मला नीट आठवत नाही.

आमचं काम तुला ठाऊकच आहे. तुझ्यासारख्या ल्युपसच्या पेशंटच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घ्यायच्या आणि जनुकांवरच्या रासायनिक खुणा तपासायच्या. खूण असली की जनुक गप्प बसतं, पुसली गेली की बोलायला लागतं. तुमच्या पेशींत नको तिथल्या खुणा पुसल्या जातात आणि त्या पेशी आपल्याच शरीरावर, घरच्यांवरच उठतात.

तुलनेला निरोगी रक्त लागतं. ते कमी पडलं की आमच्यातलंच कुणीतरी बाही वर करतं, अशी इथली रीत. या वेळी मी केली.

निकाल पडद्यावर आले, प्रत्येकाच्या रक्ताचा एक ठिपका. निरोगी ठिपके एकीकडे, पेशंटचे दुसरीकडे. एक निरोगी ठिपका मात्र पेशंटमध्ये जाऊन बसलेला.

"हा कोण पाहुणा?" आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या. "नळ्या बदलल्या वाटतं. कुणाचा धांदरटपणा?"

"माझाच असेल," मी म्हटलं.

नळ्यांवर फक्त क्रमांक असतो. माझा मला पाठ होता. पुन्हा रक्त दिलं, पुन्हा तपासलं. ठिपका तिथेच.

शेवटी बाईंना सांगितलं, तो ठिपका माझा; तुझ्या आजाराचंही सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "अगं, खुणा म्हणजे आजार नव्हे. सख्ख्या बहिणींत असं दिसू शकतं. पण डॉक्टरांकडे जाऊन ये."

सोमवारी जायचंय. तोवर उठल्या उठल्या गालांवर तुझ्यासारखे लाल चट्टे उठलेत का ते आरशात बघते, मुठी मिटून बघते. लेक म्हणाली, "आई, कुणाला ठोसा मारणारेस?" मी हसले. मग तिच्याच हातांकडे बघत राहिले.

आज नळीचं झाकण फिरेना. कुणीतरी घट्ट लावलं असेल, असं म्हटलं मी. ताई, बरणी हातात धरून तूही तेव्हा हेच म्हणाली होतीस. आठवत नाही म्हटलं ते खोटं. तू वेगळं काहीतरी सांगशील, अशी आशा होती.

लहानपणी सगळे म्हणायचे, या दोघी बहिणी वाटतच नाहीत.

तुझ्यासारखीच,
धाकटी