आमचा नंबर लागू नये म्हणून

खालिशपूर, खुलना
२७ ऑक्टोबर

माझी मैना,

तुला आणि मोतालेब मियाँना सलाम, लेकरांच्या डोक्यावरून माझे दोन्ही हात. बरिशालचं पाणी ओसरलं का? मियाँच्या पोस्टातली गर्दी कमी झाली का? इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. ठीक आहे.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोन माझ्या धन्याच्या, तुझ्या दुलाभाईंच्या उशाशी असतो, आणि आमच्या खोलीची भिंत म्हणजे नुसता पत्रा. मी इकडे कुजबुजले तर पलीकडून इद्रिस चहावाला हुंकार भरतो. शाळेची पायरी न चढलेली बाई मी. अंक शिकले सोडतीच्या याद्यांवरून, अक्षरं वाण्याच्या पुड्यांवरून. चुकलंमाकलं पोटात घाल.

यांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा चालूच आहे. रक्त धुऊन आणलं की माणूस दोन घटका हसतो. दिवसाला दोनच पेले पाणी. परवा मला म्हणाले, "आलेया, दुष्मनाचं पाणी तोडतात असं ऐकलं होतं. नवऱ्याचं तोडलेलं आज पाहिलं." मी म्हटलं, "फार बोलाल तर भातही तोडीन." हसले. हसता हसता धाप लागली.

यांची तागाची गिरणी बंद झाली तेव्हा निम्मे पैसे सरकारी बचतपत्रात मिळाले आणि निम्मे रोख. त्या रोखीवरून तुझ्या ओसरीत जे झालं ते तू विसरली नसशील. मोतालेब मियाँ सरळ मनानं म्हणाले, "भाईसाहेब, मी खिडकीत बसून दोन्ही विकतो, पण घरच्या माणसाला एकच सांगतो. बचतपत्र घ्या. प्राइज बाँड जन्मभर जपलात तरी शंभराचे शंभरच. नंबर लागला तर लागला, नाहीतर बसा याद्या चाळत." आणि आमच्या यांची जीभ! "पंख्याखाली बसणाऱ्यांनी नफ्याचे गोडवे गावेत. आम्ही तीस वर्षं तागाची धूळ खाल्ली. आम्हाला एकदा तरी बक्षीस नको?" तुझा नवरा वाढल्या ताटावरून उठला, यांनी सगळ्या रोखीचे बाँडच घेतले, आणि दोघांतलं बोलणं तिथंच संपलं.

खरं कोणाचं, ते आता एकाच घरात दिसतं. बचतपत्र म्हणजे दारातली शेळी. दूध थोडं, पण धार चुकत नाही. दर तीन महिन्यांच्या नफ्यावर आमचं भाडं निघतं, तांदूळ येतो. बाँड म्हणजे नदीत टाकून ठेवलेला गळ. इतक्या वर्षांत एकदाच काय ते लहानसं बक्षीस लागलं, तेही कर कापून. पण गळाला एकदा इवलीशी मासोळी लागली की माणूस जन्मभर काठावर बसतो बघ. सोडतीची यादी छापून येते त्या दिवशी हे दाढी करतात, इस्त्रीचा पंजाबी कुर्ता घालतात. इद्रिस उंबऱ्यावर बसून नंबर वाचतो, आणि यांचा चेहरा ईदच्या चंद्राची वाट पाहावी तसा होतो. असा चेहरा बचतपत्रानं कधी केला नाही, हेही खरं.

आता जे लिहायला बसले ते लिहिते.

डायलिसिस सुरू झालं तेव्हा यांनी मला बजावलं. "बचतपत्राला हात लावायचा नाही, तो तुझा भात आहे. बाँडही मोडायचे नाहीत. मूल ना बाळ तुला. मागे राहशील तेव्हा काय खाशील? गळक्या मडक्यात पाणी ओतू नकोस. ओतलंस असं कळलं, तर मी खाटेवरून उठणार नाही. इस्पितळात नेणारी व्हॅन दारात उभी राहू दे." हे नुसतं बोलणं नव्हतं, मैना. पहिल्याच महिन्यात दोन खेपा गेले नाहीत. तोंड भाकरीसारखं फुगलं, श्वास घशात अडकला. त्या दिवशी मी मौत पाहिली.

म्हणून खोटं बोलले. म्हटलं, पैसे मोतालेब मियाँ पाठवतात.

तुला न विचारता तुझ्या नवऱ्याचं नाव वापरलं. दुसरं कोणाचं घेतलं असतं तर यांनी चौकशी केली असती. भांडलेल्या माणसाला फोन करणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. हे तीन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले. चौथ्या दिवशी म्हणाले, "व्हॅन बोलाव."

पैसे बाँडांचेच. बचतपत्र यांच्या नावावर, सहीशिवाय पान हलत नाही. बाँडावर ना नाव ना सही. ज्याच्या हातात त्याचा. बँकेत मूठभर नेले की तेवढे पैसे मोजून देतात, कोणी विचारत नाही, बाई, तुझा धनी कोण. ज्या बाँडांवरून मी इतकी वर्षं यांना टोमणे मारले, त्यांनीच आज यांचा श्वास चालू ठेवलाय. ट्रंकेतल्या गाठोड्यात वरखाली थोडे खरे आहेत, मधे कापलेले कागद. हे लांबून गाठ बघतात आणि डोळे मिटतात.

एकतीस तारखेला सोडत आहे. सगळे बाँड एकाच ओळीतले; पहिला नंबर आणि शेवटचा नंबर यांना तोंडपाठ. मधला कुठलाही आला तर इद्रिसच्या तोंडून निघताच यांना कळणार. म्हणतील, "आलेया, गाठोडं सोड." मी काय सोडू? विकलेला बाँड आज कोणाच्या घरी असेल, अल्लाला ठाऊक. सहा लाखांचं पहिलं बक्षीस लागलं तर यांच्यासाठी ती फाशीच. एकदा कळलं की हे व्हॅनमध्ये पाय ठेवणार नाहीत.

सगळा देश त्या रात्री नंबर लागावा म्हणून हात पसरेल. मी मागते, आमचा लागू नये. तूही तेच माग.

आणि एक. यांचं मन पालटलंय. काल म्हणाले, "नंबर लागला की आधी मोतालेबचे फेडायचे. मी त्याला नाही नाही ते बोललो. यादी लागल्यावर मीच फोन करतो." तो फोन येईल. मियाँच्या पाया पडून सांग, नुसतं 'हो' म्हणा. हवं तर दोन शब्द सुनवा, बचतपत्राचं पुराण लावा, पण 'मी कुठे पाठवले?' असं म्हणू नका. त्या एका वाक्यानं माझा माणूस जाईल.

गाठोडं हिवाळाभर पुरेल असं वाटतं. त्यापुढचं मला विचारू नकोस, मीही मला विचारत नाही.

आत्ता आतून हाक आली, "एवढं काय लिहितेस?" म्हटलं, मैनेचे आणि मियाँचे आभार. मग म्हणाले, "माझेही लिही. नीट लिही, नावानिशी."

लिहिते. तुझे दुलाभाई कासेम अली मोतालेब मियाँचे आभार मानतात. ते घे, मैना. 'हे आमचे नाहीत' म्हणून परत करू नकोस.

तुमच्या नावावर नवरा जगवणारी तुझी थोरली बहीण,
आलेया बुबू