देवावर ओरडणारा आवाज

गुरुवार, ऑक्टोबर २००२
आदर्श नगर, जयपूर

आता उपचार नाहीत, घरी न्या, असं डॉक्टर म्हणाले. दुपारी आईला घरी आणलं. संध्याकाळी बाबांनी दिवा लावला, पण माझ्याने स्तोत्र म्हणवेना. शाळेआधी अक्षरं आणि स्तोत्रं बाबांनीच शिकवली. देवापुढे आवाज चढवायचा नाही, हेही.

गच्चीवर जाऊन कॉलेजातल्या जेनीने दिलेली कॅसेट वॉकमनवर लावली. तिच्या चर्चमधल्या पोरांचं रॉक. इतके दिवस नुसता गोंगाट वाटायचा. आज कळलं, गाणारा देवावर ओरडतोय. आवाज फाटतो, तरी थांबत नाही. हे पाप असेल का? पण आज मला एवढंच ऐकावंसं वाटत होतं.

बाबा वर येऊन शेजारी बसले. हेडफोन स्वतःच मागून घेतला.

"हा भैया कुणाशी भांडतोय?"

"देवाशी. प्रार्थनाच आहे ती."

"अशी?"

आवाज फाटतो तिथे त्यांनी डोळे मिटले. गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. मग म्हणाले, "त्याचं तरी ऐकलं का?"

"गाण्यात तसं काही नाही, बाबा."

खालून आईने हाक मारली. आम्ही दोघंही लगेच उठलो नाही.