आंगनातला 'न'

गुरुजी, बोरूचं टोक तिरकं तोडताना तुमच्या चाकूखाली व्हायचा तो बारीक 'कट्' आवाज. कवितेच्या चालीत डुलणारा सगळा वर्ग तेवढ्याने गप्प व्हायचा. तोच बोरू तुम्ही माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "अक्षर बसू दे, पळवू नकोस."

आता मी तुमच्यापेक्षाही म्हातारा झालोय. सकाळी फिरायला म्हणून निघतो आणि अक्षरं गोळा करत हिंडतो. सानपाड्याच्या रसवंतीवरचा ऐटबाज 'र', महाप्याला बंद कारखान्याच्या फाटकावरचा गंजलेला 'क्ष', एका टेम्पोच्या पाठीवर पेंटरने शेपटी लांबवलेला 'ई'. मोबाइलवर फोटो काढायचा, घरी येऊन बोरूने गिरवायचा. परवा एक वॉचमन म्हणाला, "काका, कसला सर्वे? तोडायला येनार काय?" म्हटलं, "नाय रे, 'क्ष' बघतोय." तो आणखीच घाबरला.

पण खरं तर मी शोधतोय वेगळंच. शिरवण्यातलं आमचं घर पाडून तिथे बिल्डिंग उभी राहिलीय. तिचं नाव माझ्या हातचं असावं, असं भावकीने ठरवलं. नाव काय, तर जिथे आम्ही भात वाळवायचो, ती जागा. सगळे तोंडाने बोलले, कागदावर कुणीच लिहिलं नाही. उद्या पाटीवाला कागद न्यायला येईल, अक्षरं स्टीलमध्ये कापेल. कापल्यावर खोडता येत नाही.

तुम्हाला आठवत असेल, मी फळ्यावर 'आंगन' लिहिलं होतं. तुम्ही ओरडला नाहीत. शेजारी 'अंगण' लिहिलंत, 'ण'चा दांडा खाली असा झोकात ओढलात की मी बघतच राहिलो. मग माझ्या शब्दावर बोट ठेवून म्हणालात, "हे घरी ठेवायचं."

पण गुरुजी, आता घराचंच नाव लिहायचंय.

'न' लिहिला तर भाडेकरू हसतील, म्हाताऱ्याला शुद्ध लिहिता येत नाही म्हणतील. आमच्या बोलीत 'ण' नाहीच; तो लिहिला तर माझ्या आईच्या तोंडी कधीच न आलेला शब्द आमच्या दारावर लागेल. मुलगा म्हणतो, "बाबा, काय पण लिहा, लोक ए विंग, बी विंगच बोलनार. टेन्शन नका घेऊ." एखाद्या पाटीवर कुणी आमच्यासारखं लिहिलेलं सापडेल, म्हणून मी एवढा हिंडलो. एकही नाही. सगळ्या गावाने ते घरीच ठेवलंय.

टेबलावर दोन कागद आहेत. 'ण' सुरेख उतरलाय, तो तुमचाच आहे. 'न'चा कागद मात्र मी तीनदा बदललाय.

हे पत्र तुम्हाला कुठे पाठवणार? पाठवता आलं असतं तरी धजावलो नसतो. घरात मी अजून 'पानी'च म्हणतो.

थांबा, बेल वाजली. पाटीवाला आजच आला की काय.

आत्या आलीय. गुडघ्यांमुळे कित्येक महिने उंबरा न ओलांडलेली माझी आत्या, रिक्षावाल्याचा हात धरून. धापा टाकत खुर्चीत बसलीय आणि विचारतेय, "पोरा, नाव लिवलंस ना? मना वाचून दाखव."

तिला अक्षरओळख नाही, गुरुजी. मला मोठ्याने वाचावं लागणार.