गोदूबाईंचा नळ आणि गावाचे हात

हातखंब्याच्या आत, वरची वाडी
मे १९८६

चि. सखाराम,

भावोजींचे आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? तुझी ताई ठणठणीत आहे (तिचे प्रताप पुढे येतीलच). मी मात्र स्वस्थ नाही. एवढं लिहून उठलो, आपल्या घरचा नळ बघून आलो. चालू आहे.

आपली पाणी कमिटी तुला आठवत असेल. नोटिसा, हरकती, इतिवृत्त सगळं यथासांग, फक्त पाणी नाही. गिरणी बंद पडल्यावर मुंबईहून परतलेल्या महिपतने शिमगा झाल्यावर देवळात सभा घेऊन विचारलं, "गावाला कमिटी हवी की पाणी?" सगळे हात पाण्यासाठी वर. कमिटी गेली. आणि खोटं कशाला बोलू, जो फुटका पाइप आम्ही दोन वर्षं इतिवृत्तात जपला होता, तो त्याने आठवड्यात बदलला. टाळ्या मीही वाजवल्या.

मग उन्हाळा तापला. टेकाडावर एकट्या राहणाऱ्या गोदूबाईंनी भर सभेत विचारलं, "महिपता, पाणी गावाचं ना? मग माज्या नळाला दोन कळशा झाल्या की नुसता वारा कसा रे येतो?"

महिपत म्हणाला, "ही गावाच्या विरुद्ध बोलते. हिचा नळ बंद करायचा ना?" हात वर! मी उठलो. (जन्मभर नागरिकशास्त्र शिकवलंय, बसवेल कसं?) म्हटलं, बहुमत म्हणजे लोकशाही खरी, पण एकट्या माणसाला बोलता येणं हीसुद्धा लोकशाहीच, पहिली दुसरीला गिळू लागली तर... एवढ्यात महिपत म्हणाला, "मास्तरांचं ऐकायचंय त्यांनी हात वर करा." एकही हात नाही. तुझ्या ताईचाही नाही! घरी जाब विचारला तर म्हणते, "अहो, मी घरात ऐकतेच की रोज."

पण दुसऱ्या सकाळी तीच कळशी घेऊन टेकाड चढली. मग शेजारची तुळसा गेली, मग आणखी बायका. महिपतला कळलं तशी पुन्हा सभा. "जी घरं तिला पाणी देतात, त्यांचेही नळ बंद! हात वर!"

बायका जमिनीकडे बघत बसल्या. पुरुष आपापल्या बायकोकडे बघू लागले. हात एकही वर येईना. शेवटी महिपतची बायको गंगा उठली. "मग आपला नळ पयला बंद करा. मी पण कळशी दिलीय."

महिपतने सभेवर नजर फिरवली. मग म्हणतो, "गावाची इच्छा मी ओळखली! गोदूबाईंचा नळ चालू!" टाळ्यांचा कडकडाट. हारही त्याच्याच गळ्यात.

गोदूबाईंना पाणी आलं नि माझी झोप गेली. अरे, नळ सुटला तो त्यांच्या हक्काने की महिपतच्या मर्जीने? त्या दिवशी गंगा माहेरी असती तर? कुणाच्या पाण्यावर मतदानच घेता येऊ नये, असा नियम हवा. तेवढ्यासाठी मी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभा राहतोय.

तुझा अस्वस्थ भावोजी,
हरिश्चंद्र

ता. क. प्रचारसभेला तुझ्या चाळीतले दहा-बारा चाकरमानी घेऊन ये. टाळ्या कुठे वाजवायच्या ते मी खुणावीन.

ता. क. दुसरा : विरोधात कुणी बोललं तर त्याला अवश्य बोलू द्यायचं, ते आपलं तत्त्व आहे. फक्त माईक तेवढा तू धरून ठेव.