रिकाम्या कॅनची फेरी

४ जून
काल चौथं केमो झालं. सकाळी सासूबाईंपुढे रोजच्यासारखे गुडघे टेकले, नमस्कार केला — आणि उठताच येईना. त्यांनी दंडाला धरून उठवलं. "उद्यापासून पडल्यापडल्याच कर," म्हणाल्या. दिवसभर अंग गळून जातं आणि रात्री डोळ्याला डोळा नाही. एक स्तन गेला, केस गेले, आता झोपही गेली.

६ जून
नर्सबाई म्हणाली, "पडून राहून हा थकवा जात नाही. संध्याकाळी चालत जा, झोप येईल." सासूबाईंना पटेना. "आजारी माणसानं चटईवर पडावं, लोकांनी भेटायला यावं. ही गावभर हिंडणार! मला काय म्हणतील?" माझा नवरा कायीरा ट्रक घेऊन सीमेपलीकडे जुबाला गेलेला. तो इथे असता तरी आईपुढे बोलला नसताच म्हणा.

९ जून
गेले. दारादारातून एकच — "कुठे निघालीस?" काम नसताना आमच्याकडे फक्त वेडे चालतात. काय सांगू? अर्ध्यातून परत.

१० जून
पाण्याचा पिवळा कॅन हातात घेतला. रिकामाच! कोणी हूं की चूं केलं नाही. झऱ्यापर्यंत गेले, बसले, तसाच रिकामा घेऊन आले.

१७ जून
काल रात्रभर झोपले. उठल्यावर रडू कोसळलं.

२१ जून
नको ते झालं. चर्चबाहेर शेजारची नालुबोवा सासूबाईंना सगळ्यांदेखत म्हणाली, "कॅन्सर झालेल्या सुनेला पाणी भरायला लावतेस? देव बघतोय हो." त्या घरी येऊन जेवल्या नाहीत, उकडलेल्या केळ्यांचे मटोके तसेच गार झाले. शेवटी मी सांगितलं, कॅन रिकामा असतो. त्या म्हणाल्या, "म्हणजे डोकंही गेलं तुझं." माझ्या शहाणपणानं त्यांची अब्रू गेली. फार वाईट वाटतंय.

२२ जून
संध्याकाळी सासूबाई ठेवणीतली गोमेसी, सणासुदीचा पायघोळ झगा, घालून, कमरेचा पट्टा आवळून दारात उभ्या. "चल. माझ्याबरोबर दिसलीस की तोंडं बंद होतील त्यांची." नालुबोवाच्या अंगणावरून मुद्दाम सावकाश नेलं. तिला हात जोडून खुशालीही विचारली.

२९ जून
पाचवं केमो होऊनही चालतेय. या खेपेला गुडघे टेकून माझी मी उठले. वाटेत सासूबाईच मध्ये मध्ये बसतात. आणि प्रश्न किती! सुई फार दुखते का, केस पुन्हा येतात का, कापताना कळतं का. म्हटलं, "आई, एवढी काळजी नका करू माझी." त्यांनी विषय बदलला.

३ जुलै
झऱ्यावर कोणी नव्हतं. सासूबाईंनी माझा हात धरला आणि गोमेसीच्या आत, आपल्या छातीवर ठेवला. गाठ. कच्च्या पेरूएवढी, टणक.

"कधीपासून, आई?"

"तुझ्या आधीपासून. तुझं काय होतंय, ते बघत होते."