आवाजाने विरणारी गाठ

३ जानेवारी १९९७, सोनगीर
रिपोर्ट मुंबईहून आला. प्रोस्टेटचा कॅन्सर. धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलाय, ऑपरेशन करून टाका. विचार करून सांगतो म्हणालो. तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस उठून सुरीखाली पडत नाही. हिला ‘सूज आहे’ एवढंच सांगितलं. खरं फक्त लोटनला ठाऊक. शाळेत माझा शिपाई होता. मरेल, पण बोलणार नाही.

५ जानेवारी
पेपरात बातमी! फ्रान्समध्ये ध्वनिलहरी एका जागी एकवटून प्रोस्टेटची गाठ जाळतात. चिरफाड नाही. म्हणजे आपली सोनोग्राफीच की! आपल्याकडचं मशीन जरा मंद, तेव्हा जास्त वेळा घ्यायची. संकल्प: दर पंधरवड्याला एक.

१४ जानेवारी
पहिली, धुळ्यात. पाच ग्लास पाणी प्या आणि लघवी रोखून बसा म्हणे. इथे तेच तर दुखणं! कसाबसा तास काढला. मग मोकळा झालो तेव्हा असं हलकं वाटलं! गुण आला.

२ फेब्रुवारी
दुसरी, जळगावला. धुळेवाले चिठ्ठी मागतात. इथे पोटदुखी सांगितली. पाणी घरूनच पिऊन निघालो, ही चूक. एरंडोलच्या अलीकडे एसटी थांबवायला लावली. कंडक्टर नको ते बोलला. कंबर दुखतेय. रस्ताच तसा.

२३ फेब्रुवारी
तिसरी. गाठ विरतेय, आतून कळतं. लोटन म्हणे, “गुरुजी, ते निस्तं फोटू काढानं मशीन शे.” सातवी नापास माणूस मला ध्वनी शिकवणार!

२ मार्च
लोटन फितूर! हिला सगळं सांगितलं. वर दोघांनी परस्पर धुळ्याला जाऊन ऑपरेशनची तारीखही आणली, बारा मार्च. माझ्याच घरात कट. जेवलो नाही. (दुपारी अर्धी कळण्याची भाकरी.)

३ मार्च
हिला समोर बसवून वर्गात समजावतो तसं समजावलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, निम्मी गाठ गेली. मग म्हणाली, “तुम्ही सांगतस ते खरंच व्हई.” स्वतः एसटीडी बूथवर जाऊन तारीख रद्द करून आली. विज्ञानाचा विजय.

२० एप्रिल
सहावी. कंबर फार. लोटनशी अबोला. जळगावच्या डॉक्टरांनी बळेच धुळ्याला जा म्हणून चिठ्ठी दिली. आपसात कमिशन असणार.

९ मे
हाडांत उतरलाय.
डॉक्टर म्हणाले, सोनोग्राफी नुसती बघते, जाळत नाही. ते मशीन वेगळं, ते आपल्याकडे नाही. ऑपरेशनची वेळ गेली. आता इंजेक्शनं.
दगा झाला माझ्याशी. पेपरवाल्यांनी फसवलं. सोनोग्राफीवाल्यांनी फसवलं. एकाने तरी सांगायचं! लोटननेसुद्धा
लोटनने सांगितलं होतं.
घरी आल्यावर ही अजिबात रडली नाही. म्हणाली, “डॉक्टरले समजनं नई व्हई. तुम्हीच त्याले समजाडी सांगा.”
हो म्हणालो.