योनासला दिलेली खोली

प्रिय यामिनीताई,

काहून नाही जायचं, ते एकदा नीट सांग. डोकं दुखते, शाळेतले पेपर तपासायचे आहेत, यंदा हात तंग आहे, ही कारणं मी चार वर्षं ऐकून राहिलो. डेन्मार्कला तू एक वर्ष राहून आलीस. त्या विद्यार्थी-अदलाबदलीत गेलेली-आलेली सगळी पोरं दर डिसेंबरला सदर बाजारातल्या हॉटेलात जमतात, अन् तू महाराजपुरात घरी बसून त्यांचे फोटो पाहतेस. फोनवर विषय काढला की फोन आईकडे देतेस. म्हणून लिहायला बसलो. अक्षर समजून घे.

मी ठीक. इथं मोरबीत टाइल्सच्या भट्टीवर आहे. आधी पुणं सोडलं, मग सुरत, हेही कधी सोडेन सांगता येत नाही. अंगावरची पांढरी धूळ दोन बादल्यांनीही निघत नाही. सुट्टीला नुसता पडून असतो. कंटाळलो नाही ताई, थकलो.

परवा आईनं खरं काय ते सांगितलं. तू तिला म्हणालीस म्हणे, माझ्या त्या वर्षापायी अंबूची दहावी गेली, आता कोणत्या तोंडानं तिथं जाऊन हसू?

नियमच होता तो. आपलं पोर पाठवायचं तर तिकडचं एक घरात ठेवायचं अन् त्याला वेगळी खोली द्यायची. तू गेलीस, योनास माझ्या खोलीत आला, माझी गादी हॉलमध्ये टीव्हीपाशी. गणितात नापास झालो तेव्हा बाबा आईवर ओरडले, पोराची खोलीच काढून घेतली तर तो शिकणार कुठं! तू परत आलीस तरी घरात तेच चालू. मी मान खाली घालून बसलो. सगळ्यांना वाटलं, बिचारा.

ती खोली मला कधी बंद नव्हती. योनास रोज संध्याकाळी मला बोलवायचा, माझ्याच टेबलाशी बसवून त्रिकोण काढून दाखवायचा. वरणभातावर सॉस ओतणारा पोरगा, पण त्याच्या मोडक्या हिंदीत मला भूमिती समजायची, आपल्या हिंदी शाळेतल्या सरांच्या चांगल्या हिंदीत नाही. पेपरच्या दिवशी मी रोल नंबर लिहिला अन् कोरी वही देऊन बाहेर पडलो. येत होतं ताई, पास होण्याइतकं येत होतं. पण पास झालो की अकरावी, मग कॉलेज, पुन्हा तेच बाक. मला कुठंतरी निघून जायचं होतं, अन् मला काही कोणी डेन्मार्कला पाठवणार नव्हतं. बडा फुहाऱ्याच्या बाजारात भटकत होतो, तर योनास समोर. छोटे भाई, पेपर हो गया? त्यानं घड्याळ पाहिलं, पेपर सुटायला अजून दोन तास आहेत हे ओळखलं, समोसा घेऊन दिला, अन् आजपर्यंत घरात कोणाला सांगितलं नाही.

यंदाच्या त्या जमण्याला तोही येऊन राहिला. मला मेसेज केला, दीदी आएगी ना? तू भेटलीस अन् माझ्या दहावीचं बोललीस, तर त्याच्यानं राहवणार नाही. त्याच्याआधी माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी हे पत्र. सात वर्षं तुझ्यावर ठेवलेला दोष माझा होता, अन् तो तुझ्याकडे असताना मला सोपं जात होतं. शिव्या दे, बोलू नकोस, पण या वेळी जा. तिथली फी अन् एक बरी साडी धरून आईच्या खात्यात टाकले आहेत, तीन हजार दोनशे.

तुझाच,
अंबू